एक फेज गेला तरी घरी बनवलेला प्रिव्हेंटर ट्रिप होत नाही – सर्किट, मीटर, स्कोप, सगळ्यावर सल्ला पाहिजे

केळीबाग_यावल:
नमस्कार मंडळी. आतापर्यंत नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. शेतात विहिरीवर ५ एचपीची सबमर्सिबल आहे, डीओएल (मोटार थेट लाईनवर घेणारा) स्टार्टर, त्याला ऑटो स्विच (लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा). आमच्या डीपीवर (लाईनच्या ट्रान्सफॉर्मरवर) फेज जाणं काही नवीन नाही, दोन फेजवर मोटार घूं घूं करत चालू राहते आणि सकाळी जाऊन बघावं तर वास. आता भर उन्हाळ्यात मोटार भरायला (जळालेलं वाइंडिंग बदलायला) टाकली की आठवडा गेलाच समजा आणि केळीला आठवडा पाणी नाही म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. म्हणून स्वतःच प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारा डबा, बनवला. तीन छोटे २४०/१२ चे ट्रान्सफॉर्मर, प्रत्येक फेज ते न्यूट्रल, पुढे ब्रिज, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १२ व्होल्टचा शुगर क्यूब रिले. तिन्ही रिलेचे एनओ (एरवी उघडे, रिले ओढला की जुळणारे) कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घेऊन स्टार्टरच्या कॉईलला. घरी टेबलावर कुठलाही एक प्लग काढला की टक् करून ट्रिप. शेतात मोटार चालू ठेवून आर, वाय, बी पैकी बी फेजचं कीटकॅट (फ्यूजचा ओढून काढता येणारा तुकडा) ओढलं तर मोटारीचा आवाज बदलला, पण रिले जागचा हलला नाही. मीटर लावून बघितला तर मेलेल्या फेजवर २१० च्या आसपास व्होल्टेज!! कीटकॅट माझ्या हातात आणि व्होल्टेज आलं कुठून? मीटर साधा पिवळा ८३० वाला आहे. मीटरच खोटं बोलतोय का, का सर्किटात चूक आहे? आणि हे सगळं नीट बघायला स्कोप (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) घ्यावा का, घेतला तर कुठला?

शिंदखेडाकर:
भाऊ, मन्ही बी अशीच जयी गयी. काय करशात आते. (माझी पण अशीच जळून गेली, काय करणार आता.) 😀 मी सरळ बाजारातला तयार डबा आणून लावला. पण तुमचा प्रश्न भारी आहे, धाग्यावर लक्ष ठेवून बसलोय.

नवखा_५५५:
घोस्ट व्होल्टेज असेल. डिजिटल मीटरचा इनपुट खूप हाय असतो, शेजारच्या वायरमधून कपलिंग होऊन उगीच आकडे दाखवतो असं कॉलेजात सांगितलंय.

सोल्डरधूर:
नवख्या, मुद्दा बरोबर पण इथे लागू नाही. घोस्ट व्होल्टेजला दम नसतो, साधा झिरोचा बल्ब लावला तरी ते खाली बसतं. इथे तर एक अख्खा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि रिलेची कॉईल त्या व्होल्टेजवर चालू राहिली, म्हणजे त्यामागे करंट आहे. मीटर खरं बोलतोय. निदान या वेळी तरी.

मापनताई:
केळीबागदादा, ते व्होल्टेज तुमची मोटारच तयार करतेय.
थ्री फेज इंडक्शन मोटार एकदा फिरायला लागली की रोटरमधलं चुंबकीय क्षेत्र तिसऱ्या वाइंडिंगलाही कापत असतं. बी फेज बाहेरून तोडला तरी रोटर फिरतोय, त्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार होतंच, आणि लोड हलका असेल तर ते जवळजवळ पूर्ण व्होल्टेजइतकं, थोडं कमी, थोडं सरकलेलं. तुमचा सेन्सिंग पॉइंट कीटकॅटच्या मोटारीकडच्या बाजूला आहे ना? मग तुमचा रिले लाईन बघतच नाहीये, मोटारीने परत पाठवलेलं व्होल्टेज बघतोय. टेबलावर मोटार नव्हती, प्लग काढला की शून्य, म्हणून तिथे पास झालं.
दुसरा भाग रिलेचा. १२ व्होल्टचा शुगर क्यूब ओढून घ्यायला साधारण ७५ टक्के म्हणजे ९ व्होल्ट मागतो, पण एकदा चिकटला की सोडतो कधी? डेटाशीट बघा, १० टक्के, म्हणजे १.२ व्होल्टवर आला तर सोडेलच अशी खात्री. तुमच्या सर्किटात १२ व्होल्ट एसी ब्रिजनंतर कपॅसिटरवर १५-१६ होतात. लाईनचं व्होल्टेज अर्धं झालं तरी तिथे ७ उरतात आणि रिले निवांत चिकटून बसतो. म्हणजे मोटारीने काहीच पाठवलं नसतं, नुसता फेज निम्मा झाला असता, तरी तुमचा प्रिव्हेंटर झोपलेलाच. रिले हा स्विच आहे, व्होल्टेज मोजायचं काम त्याला देऊ नका.

इंजिनशेड:
भुसावळला या, दाखवतो. 😄 रेल्वेच्या जुन्या वॅप-४, वॅग-५ या विजेच्या इंजिनांत आर्नो कन्व्हर्टर असायचा. वरची तार म्हणजे सिंगल फेज २५ केव्ही, आणि आत ब्लोअर, कॉम्प्रेसर वगैरेच्या मोटारी थ्री फेजच्या. मग ट्रान्सफॉर्मरच्या एका वाइंडिंगवरून सिंगल फेज घ्यायचा, आर्नोला द्यायचा, सुरू करताना तेवढा तिसऱ्या टोकाला धक्का द्यायचा, आणि एकदा फिरला की तिसरा फेज तोच बनवतो. ताई म्हणतात तेच तत्त्व. तुमची विहिरीतली मोटार फेज गेल्यावर गरिबाचा आर्नो झालेली असते, फरक एवढाच की आर्नो त्या कामासाठी बांधलेला असतो आणि तुमची मोटार वरून पाणीही उपसत असते.

केळीबाग_यावल:
अरे बापरे. म्हणजे शेजाऱ्यांच्या मोटारी पण?

मापनताई:
हो, आणि तिथेच खरी गंमत. समजा फेज तुमच्या कीटकॅटवर न जाता डीपीवर गेला. त्या मेलेल्या फेजवर डीपीवरच्या चालू असलेल्या सगळ्या मोटारी मिळून व्होल्टेज पाठवत राहतात. तुमची मोटार बंद असली तरी तुमच्या बॉक्समध्ये तीन फेज दिसणार, ऑटो स्विच म्हणणार चला लाईट आली, आणि चालू करणार.
मोटार उभी असताना एक फेज नसेल तर वेगळंच चित्र. तेव्हा मेलेलं टोक बाकीच्या दोन फेजच्या बरोबर मध्ये जाऊन बसतं, न्यूट्रलपासून मोजलं तर १२० व्होल्टच्या आसपास, आणि दिशा मूळ फेजच्या उलटी. मोटार जागेवर हुंकारत उभी राहते, फिरत नाही, करंट मात्र सुरू होतानाचा. तिथे मिनिटभर खूप झालं.

जुना_वायरमन:
मी चोपड्याकडचा, लाईनवरच आयुष्य गेलं, आता घरी बसून पोरांचे रेडिओ दुरुस्त करतो. एक गोष्ट सांगतो ती पुस्तकात शोधावी लागेल पण डीपीखाली उभं राहून रोज दिसते. फेज दोन प्रकारे जातो. एक, डीपीच्या खालच्या बाजूचा, एलटीचा (कमी व्होल्टेजचा) फ्यूज गेला. तेव्हा दोन फेज पूर्ण आणि एक मेला. दुसरा, वरचा डीओ (ड्रॉप आउट फ्यूज) उडाला, म्हणजे ११ केव्हीचा एक फेज गेला. ट्रान्सफॉर्मरची वरची बाजू डेल्टा असते, त्यामुळे खाली एक फेज पूर्ण २४० चा राहतो आणि बाकीचे दोन अर्धे अर्धे, १२०-१२० च्या घरात, लोड कमीजास्त असेल तर थोडं इकडेतिकडे. गावात एका गल्लीत दिवे लख्ख आणि दोन गल्ल्यांत मिणमिणते दिसले की समजायचं डीओ. आता तुम्ही जो रिले बसवला तो या दुसऱ्या प्रकारात तर मुळीच सोडणार नाही, ताईंनी आकडा दिलाच आहे.
आणि एक. डीओ असो का फ्यूज, स्वतः डीपीवर हात घालू नका. काठीला हुक बांधून डीओ टाकणारे बहाद्दर मी पाहिलेत आणि त्यांच्या घरच्यांना पण पाहिलंय.

सोल्डरधूर:
वायरमनकाका, हे डीओचं कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. सलाम.
आता यावलकर, तुमच्या सर्किटात अजून एक गोष्ट आहे जी कोणी बोललं नाही. तुमच्या स्टार्टरची कॉईल किती व्होल्टची आहे? शेतावरच्या बहुतेक डीओएलमध्ये ती ४१५ ची असते, दोन फेजमध्ये लावलेली, न्यूट्रल लागतच नाही. आणि शुगर क्यूबचा कॉन्टॅक्ट असतो २५० व्होल्ट एसीचा. तो ७ अँपियर, १० अँपियर लिहिलेला आकडा बघून लोक खूश होतात, व्होल्टेजचा आकडा बघतच नाहीत. कॉईल म्हणजे इंडक्टिव्ह लोड, उघडताना ठिणगी ओढली जाते, दोन-चार महिने चालेल, मग एक दिवस कॉन्टॅक्ट वेल्ड होतील आणि फेज गेल्यावर सर्किट बरोबर निर्णय देईल पण कॉन्टॅक्ट उघडणारच नाही. एक तर ४४० व्होल्टला चालणारा कंट्रोल रिले घ्या, नाही तर स्टार्टरची कॉईल २४० ची बदलून न्यूट्रलवर घ्या. मी पहिलं करीन. शेतातला न्यूट्रल हा विश्वासाचा माणूस नाही.

केळीबाग_यावल:
बघितलं आत्ता, ४१५ चीच आहे. बरं झालं सांगितलं. मग आता डिझाइनच बदलायचं का? ट्रान्सफॉर्मर तसेच ठेवून पुढे रिलेऐवजी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप) टाकला तर? एलएम३३९ पडून आहेत घरात.

मापनताई:
टाकता येईल, आणि डीओ उडालेला असेल किंवा मोटार उभी असेल तर तो नक्की पकडेल. पण चालू मोटारीत मेलेला फेज २१० दाखवतोय आणि रात्री लोड कमी झाल्यावर किंवा दिवसा सगळे एकदम चालू झाल्यावर चांगले फेजसुद्धा २१० ते २५० फिरत असतात. फिक्स आकड्यावर ट्रिप ठेवलात तर एक तर उगीच ट्रिप होईल नाही तर होणारच नाही. तिघांची आपसात तुलना करायला हवी. तिन्ही लाईन व्होल्टेजची सरासरी काढा, सरासरीपासून सगळ्यात लांब कोण ते बघा, त्याची टक्केवारी. अमेरिकेतल्या नेमा या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेची व्याख्या हीच आहे, आणि ते म्हणतात ५ टक्क्यांच्या वर असमतोल असेल तर मोटार चालवूच नका. पण चालू मोटार तिसरा फेज इतका छान बनवते की असमतोल तीन-चार टक्क्यांतच लपून जाऊ शकतो.
म्हणून माझं मत, व्होल्टेज सोडा, करंट बघा. व्होल्टेजमध्ये १ टक्का असमतोल झाला तर करंटमध्ये साधारण ६ ते १० टक्के होतो. निसर्गानेच अँप्लिफायर दिलाय तो वापरा. आणि फेज पूर्ण तुटला तर राहिलेल्या दोन वायरींत करंट पावणेदोन पट, १.७३ धरा, पाण्याचा भार जास्त असेल तर त्याहून वर.

नवखा_५५५:
मग ओव्हरलोड रिले काय करतो? तो असतो ना स्टार्टरमध्ये?

जुना_वायरमन:
असतो बाबा. पण त्याचा काटा नेमप्लेटच्या अँपियरवर ठेवलेला दहातल्या किती स्टार्टरला सापडेल ते विचारू नको. उगीच ट्रिप होतो म्हणून वरपर्यंत फिरवून ठेवतात, काही ठिकाणी तर तार टाकून बायपास. बरोबर ठेवला तरी बायमेटल तापून वाकायला वेळ घेतं, त्यात सबमर्सिबलचं वाइंडिंग बारीक, अंग सडपातळ, ते ओपनवेलच्या मोटारीइतकं सहन करत नाही. तरी सांगतो, सगळ्यात आधी तो काटा बघा. एक रुपया लागत नाही.

शिंदखेडाकर:
आमच्याकडे तर दोन फेजवरच चालवायला कपॅसिटर लावतात लोक मुद्दाम. रात्री दोनच फेज असले तर कपॅसिटरने तिसरा बनवायचा. मग तुमचा प्रिव्हेंटर तिथे काय करेल?

इंजिनशेड:
ट्रिप करेल, आणि मालक त्याच रात्री उचकटून फेकून देईल. 😂
फेज स्प्लिटरवर मोटार चालते, नाही म्हणत नाही, पण कपॅसिटर एकाच भाराला जुळलेला असतो. पाणी खोल गेलं, भार बदलला, की करंट परत वाकडे. ज्याला ते करायचंय त्याने प्रत्येक वायरीवर क्लॅम्प मीटर लावून नेमप्लेटच्या आत आहे का ते बघावं, एवढंच.

केळीबाग_यावल:
मी तसलं काही लावलेलं नाही. करंटचं पटलं. आता पार्ट सांगा. आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आहे माझ्याकडे, थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं.

सोल्डरधूर:
एससीटी-०१३-०३० घ्या, क्लॅम्पसारखा उघडणारा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर), ३० अँपियरला १ व्होल्ट देतो, बर्डन रेझिस्टर (करंटचं व्होल्टेज करणारा) आतच आहे. तसाच दिसणारा ०१३-०००, १०० अँपियरचा येतो, तो ५० मिलिअँपियर करंट देतो आणि त्याला बर्डन तुम्हाला बाहेर लावावा लागतो, दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतात तेव्हा अंगावरचा नंबर वाचून घ्या. तुमची मोटार समजा ९ अँपियर घेते. वायर क्लॅम्पमधून तीन वेळा फिरवून घ्या, सीटीला वाटेल २७ अँपियर आहे, ०.९ व्होल्ट मिळेल, त्याचा पीक दोन्ही बाजूंना मिळून अडीच व्होल्ट. नॅनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ५ व्होल्टला १० बिट म्हणजे एक पायरी ५ मिलिव्होल्टच्या आत. सिग्नल २.५ व्होल्टवर उचलून घ्या, दोन १० के चे डिव्हायडर आणि १० मायक्रोफॅरड, आणि एडीसीच्या पायाआधी १ के, कारण सुरू होताना मोटार सहा पट करंट ओढते, तेव्हा सिग्नल ५ च्या वर जाणार. सुरुवातीचे तीन-चार सेकंद कोडमध्ये करंटकडे बघायचंच नाही.
बर्डन बाहेर असलेला कुठलाही सीटी असेल तर चालू करंटमध्ये त्याची टोकं उघडी सोडायची नाहीत, हे सगळ्यांसाठी.

नवखा_५५५:
तीन सीटी लागतील ना?

मापनताई:
दोनसुद्धा पुरतात. सबमर्सिबलला तीनच वायरी जातात, न्यूट्रल जात नाही, म्हणजे तिन्ही करंटची क्षणाक्षणाची बेरीज शून्य. आर आणि वाय एकाच वेळी मोजा, दोघांची बेरीज करून चिन्ह उलटं करा, तो बी. फक्त दोन्ही सीटीची तोंडं एकाच दिशेला हवीत, त्यावर बाण असतो. आणि नॅनो दोन पाय एकामागून एक वाचतो, १०० मायक्रोसेकंदाचा फरक पडतो, ५० हर्ट्झला तो दोन डिग्रीच्या आत आहे, या कामाला चालेल. आरएमएस (मीटर दाखवतो ती परिणामी किंमत) काढताना बेरीज आधी, वर्ग नंतर. आरएमएसची बेरीज करून बी काढायला जाल तर साफ चुकेल.
ट्रिपची अट मी अशी ठेवीन, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा करंट यांचा फरक सरासरीच्या ३० टक्क्यांवर सलग तीन सेकंद राहिला तर बंद. आकडा तुमच्या लाईनवर बघून कमीजास्त करा, गावाकडे १० टक्के असमतोल तर चांगल्या दिवशीही दिसतो.

केळीबाग_यावल:
झकास. आणि स्कोप?

सोल्डरधूर:
डीएसओ१३८ चं किट घ्या, स्वतः जोडा, मजा येते.

इंजिनशेड:
किट कशाला, एकदाच पैसे घाला, रिगॉलचा डीएस१०५४झेड घ्या, चार चॅनेल, ५० मेगाहर्ट्झ, आयुष्यभर पुरतो.

सोल्डरधूर:
५० हर्ट्झ बघायला ५० मेगाहर्ट्झ. आम्ही पण भरीत खायला विमानाने जातो कधीकधी.

इंजिनशेड:
डीएसओ१३८ ची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ आहे, उद्या यांना एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्त करायची हौस आली तर त्यात काय दिसणार? कपाळ? घेतानाच नीट घ्या एवढंच म्हणतोय.

मापनताई:
दोघं थांबा. दादांच्या कामाला आज स्कोप लागत नाही. आणि ज्याच्याकडे नवीन स्कोप येतो तो पहिल्याच संध्याकाळी मेनचा वेव्हफॉर्म बघायला जातो, म्हणून आधीच लिहिते. टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबची ती मगरीची क्लिप सरळ अर्थिंगला जोडलेली असते. ती क्लिप फेजला लावली म्हणजे फेज अर्थला शॉर्ट, प्रोब जळेल, स्कोप जाईल, डोळ्यात ठिणगी जाईल. मग लोक स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडतात, ते त्याहून वाईट, कारण आता स्कोपची अख्खी बॉडी फेजवर तरंगतेय आणि तुम्ही तिची बटणं फिरवताय. बॅटरीवरच्या छोट्या स्कोपचीही क्लिप फेजवर गेली की उघडा धातू सगळा फेजवर. डीएसओ१३८ चा इनपुट तर ५० व्होल्ट पीकचा, २४० चा पीकच ३३९ असतो, दोन फेजमधला ५८७.
लाईन बघायचीच असेल तर दादांकडे ते तीन छोटे ट्रान्सफॉर्मर आहेतच. त्यांची १२ व्होल्टची बाजू स्कोपला द्या, आयसोलेशन झालं, व्होल्टेज लहान झालं. तिन्ही एकाच प्रकारचे असल्याने फेजमधला फरकही दिसेल, एका फेजचा शून्य दुसऱ्यापासून ६.६७ मिलिसेकंदावर यायला पाहिजे. फेज गेल्यावर तो कसा सरकतो ते बघण्यासारखं असतं, पोरांना लॅबमध्ये दाखवते तेव्हा वर्ग गप्प होतो.

नवखा_५५५:
नंदुरबारला कोणाकडे स्कोप असेल तर मला बघायला मिळेल का? आमच्या लॅबमधला कपाटात कुलूप लावून असतो.

जुना_वायरमन:
आधी मीटरचं बोला. यावलकर त्या पिवळ्या मीटरने ४१५ मोजतायत हे वाचून माझ्या पोटात गोळा आलाय.

मापनताई:
काकांशी सहमत. त्या मीटरवर काहीही छापलेलं असो, आत काचेचा फ्यूज असतो आणि १० अँपियरच्या भोकाला तर बऱ्याचदा फ्यूजच नसतो. लीड चुकून अँपियरच्या भोकात राहिली आणि ४१५ ला लावली तर हातातच स्फोट. स्टार्टर बॉक्सला कॅट थ्री (मीटरच्या सुरक्षेचा दर्जा) ६०० व्होल्टचा मीटर पाहिजे, नामांकित कंपनीचा, आत एचआरसी (मोठा शॉर्टचा करंटही सुरक्षित तोडणारा) फ्यूज असलेला. तुमच्यासाठी तर मी क्लॅम्प मीटरच घ्या म्हणेन, व्होल्टेज आणि करंट दोन्ही त्यात येतं आणि करंटसाठी वायर तोडावी लागत नाही. पिवळा टाकून देऊ नका, ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट मोजायला चांगला आहे.

सोल्डरधूर:
आता उन्हाचं. तुमचा बॉक्स पत्र्याचा, पश्चिमेच्या भिंतीवर, बरोबर? सगळ्यांचा तसाच असतो. मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा बॉक्समध्ये ६५ धरा, कॉन्टॅक्टरची कॉईल आत शेकोटी करून बसलेली असतेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा हिशेब सोपा, दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं. ८५ डिग्री, २००० तासांचा स्वस्त कपॅसिटर ६५ ला ८००० तास, म्हणजे वर्षसुद्धा नाही. तोच १०५ डिग्रीचा घेतला तर ३२००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. किमतीत फरक किती, चहाचा. बाजारातले तयार डबे दुसऱ्या उन्हाळ्यात का मरतात ते उघडून बघा, बहुतेक वेळा फुगलेला कपॅसिटरच सापडतो.
सप्लायसाठी मोबाईल चार्जर किंवा छोटं एसी-डीसी मॉड्यूल नको. न्यूट्रल तुटला की त्यावर ४१५ पर्यंत काहीही येऊ शकतं. ४१५ प्रायमरीचा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घ्या, दोन फेजमधून, न्यूट्रलची भानगडच नाही. सर्ज रोखायला एमओव्ही लावाल तर १४डी४३१ नको, तो २७५ व्होल्ट एसीचा, दोन फेजमध्ये लावताच फुटेल. १४डी८२१ लावा, ५१० चा, आणि त्याच्या आधी फ्यूज.

शिंदखेडाकर:
आणि पालीचं काय? आमच्याकडे दर पावसाळ्यात एक पाल कीटकॅटमध्ये बळी जाते आणि मुंग्या तर कॉन्टॅक्टरच्या आत घर करतात.

सोल्डरधूर:
वायर जाते तिथे रबर ग्रोमेट, उरलेल्या भोकांना पुट्टी. पीसीबीला सोल्डरिंगनंतर वॉर्निशचा हात, नाही तर बायकोची नेलपॉलिश. विचारून घ्या आधी.

केळीबाग_यावल:
क्लॅम्प मीटर आणला, जळगावला गेलो होतो तेव्हा. ओव्हरलोडचा काटा आधी बघितला, काका, तुम्ही म्हणालात तसाच टोकाला होता, नेमप्लेटवर आणून ठेवला. आकडे देतो. तिन्ही फेज असताना आर ८.९, वाय ९.२, बी ८.७. बीचं कीटकॅट काढल्यावर आर १५.६, वाय १५.४, बी शून्य, आणि बीच्या टोकाला न्यूट्रलपासून २१२ व्होल्ट. लगेच बंद केली मोटार. ताईंचं १.७३ इतकं बरोबर बसेल असं वाटलं नव्हतं.

मापनताई:
छान, हेच पाहिजे होतं. कीटकॅट तुमचं असल्याने बी शून्य आला. डीपीवर फेज गेला तर तुमच्याकडे बीमध्ये शून्य येईलच असं नाही, तुमची मोटार त्या वायरीने शेजाऱ्याच्या भारालाही थोडं पुरवत असेल. म्हणून "एक करंट शून्य" अशी अट कोडमध्ये घालू नका, असमतोलाचीच ठेवा.

जुना_वायरमन:
यावलकर, नॅनो लावताय तर एक काम अजून करून घ्या, डीपीवर उपकार होतील. लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकाच वेळी मोटारी चालू करतात. प्रत्येक मोटार सहा पट ओढते, व्होल्टेज तळाला, कोणाची मोटार उठतच नाही, आणि फ्यूज उडाला की परत तेच एक फेज नाही. तुमच्या डब्याला लाईट आल्यावर दोन-अडीच मिनिटं थांबू द्या, शेजाऱ्याला चार, त्याच्या शेजाऱ्याला सहा. आपसात ठरवून घ्या. आम्ही ओरडून दमलो, कोणी ऐकलं नाही, आता तुमचं मशीन तरी ऐकेल.

नवखा_५५५:
याच सीटीवर ड्राय रन पण करता येईल ना? विहीर आटली की करंट कमी होतो.

मापनताई:
होतो, पण वाटतो तितका नाही. मोटारीला नुसतं फिरायला, लोखंड चुंबकित ठेवायलाच बराच करंट लागतो, तो पाणी नसलं तरी राहतो. काही मोटारींत कोरड्यावरसुद्धा साठ-सत्तर टक्के करंट दिसतो. पॉवर फॅक्टर (करंटपैकी खऱ्या कामाचा वाटा) मात्र धाडकन पडतो, तो जास्त भरवशाचा. दादांचा तो १२ व्होल्टचा एक ट्रान्सफॉर्मर व्होल्टेजच्या सिग्नलसाठी ठेवला तर नॅनोमध्ये वॅट काढता येतील, वॅटवर ड्राय रन पकडा. आधी व्हॉल्व्ह उघडा ठेवून, विहिरीत पाणी असताना नेहमीचे वॅट किती ते लिहून ठेवा आणि त्याच्या साठ टक्क्यांवर अट ठेवून बघा.

केळीबाग_यावल:
व्होल्टेज आर-वाय मधलं घेऊ का आर-न्यूट्रल? आर-वाय घ्यायचं तर माझा ट्रान्सफॉर्मर २४० प्रायमरीचा आहे.

सोल्डरधूर:
दोन सारखे ट्रान्सफॉर्मर आहेत ना, प्रायमरी सिरीजमध्ये, सेकंडरी पण सिरीजमध्ये, आर आणि वायच्या मध्ये लावा, न्यूट्रल नको. सेकंडरी जोडताना टोकं उलटी लागली तर शून्याच्या आसपास दिसेल, मग एक फिरवा. सरळ असेल तर २० च्या आसपास येईल, तिथून डिव्हायडर करून नॅनोला. पण आर-वायचं व्होल्टेज आरच्या करंटशी गुणून चालणार नाही, त्यांच्यात मुळातच ३० डिग्री सरकलेलं असतं, तेवढं कोडमध्ये बघायला लागेल. ताई सांगतील.

मापनताई:
सांगते, रात्री लिहिते. पोरांचे जर्नल तपासायचे आहेत. तोवर नॅनोचा कोड इथे टाका, दोन्ही सीटीचे बाण कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटोही टाका.